किलवरच्या गुलामाची टोपी

मी किलवरचा गुलाम बोलतोय. हसू नका. म्हणजे हसाच, माझा जन्मच त्यासाठी झालाय.

आमच्या चित्रकाराला सरळ पत्ते काढवतच नसत. बदामच्या राणीला त्याने आपल्या सासूचं नाक दिलं, चौकटच्या राजाला अंघोळीच्या टबात बसवलं. माझ्या टोपीत किलवरचं पान खोचलं, मिशीला पीळ दिला आणि पाठीमागे एक शेळी उभी केली. शंभर वर्षं मी ऐटीत उभा आहे आणि ती माझी टोपी खातेय.

हातोहात फिरत आम्ही एका घरी आलो. आई आणि दोन मुली. थोरलीच्या हातात मी पडलो की संपलंच. ती ओठ घट्ट मिटायची, छताकडे बघायची, पण नाकातून फुस्स व्हायचंच. धाकटी लगेच ओळखायची आणि डाव मारायची.

पुढे आई आजारी पडली. कोणी किती केलं यावरून बहिणींचं बिनसलं आणि आई गेल्यावर बोलणंच बंद झालं. एका दुपारी दोघी घर रिकामं करायला आल्या. ताटं निम्मी, चादरी निम्म्या. शेवटी आमचा कॅट निघाला. थोरलीने मुकाट्याने तोही वाटला, एक तुला, एक मला. अर्ध्या कॅटाने कोण खेळणार? राजा एका घरी, राणी दुसऱ्या घरी, आमचा तर संसारच मोडत होता.

थोरलीने आपले पत्ते उचलले. वर मीच. तिने ओठ मिटले, छताकडे पाहिलं. फुस्स.

धाकटी पाठमोरी भांडी बांधत होती. वळलीसुद्धा नाही.

"ताई, गुलाम तुझ्याकडे आला ना?"

"शेळी अजून खातेच आहे गं," थोरली म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली. धाकटीने भांडी तिथेच टाकली.

मग रिकाम्या घरात, जमिनीवर बसून दोघी खेळल्या. थोरली हरली. तेव्हा ठरलं, हरेल तिने कॅट सांभाळायचा आणि पुढच्या डावाला दुसरीच्या घरी घेऊन जायचा. त्यामुळे माझा मुक्काम कायम थोरलीच्या पर्समध्ये. हरल्याबद्दल ती हल्ली फारशी कुरकुरत नाही.

माझा एक कोपरा तुटलाय, आता मी पाठीवरूनही ओळखू येतो. दोघी तसं दाखवत नाहीत. दोघींच्या बोटांनी रंग उडून टोपी जेमतेम घासभर उरलीय. ती संपली की मी सुटलो. पण मला कसली घाई? शेळीबाई, जरा सावकाश खा.