उघडा पत्रा

"भद्द!"

पुष्पाबाईनं स्क्रूड्रायव्हरची मूठ मडगार्डवर हाणली आणि मान हलवली. "हाई आतून खाल्लेलं शे. कापीसन जोडनं पडी." मग दोन पावलं सरकून तिनं बॉनेटवर ठोकलं. टण्ण! तिचा चेहराच उजळला. डिकीवर ठोकलं. तीही टण्ण!

"गजेंद्र, पत्रा जिता शे! नुसता वरवरना गंज. आजच निघी जाई!"

गजेंद्र तिचा धाकटा दीर. सुरतेजवळच्या सचिन गावी कापडाच्या लूमवर कामाला होता. तापीच्या पुरात काचांपर्यंत बुडालेली ही फियाट एका शेठनं काढून टाकली, ती यानं उचलली आणि टेंपोला दोर बांधून लिंबायतच्या गल्लीत ओढत आणली. लूम सोडायचं, गाडी भाड्यानं फिरवायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पहिलं भाडं ठरलंही होतं. पुढच्या आठवड्यात पारोळ्याचं लग्न, आणि नवरदेव याच गाडीतून जाणार.

कुणीतरी त्याला सांगितलं होतं, गंजावरच लांबीची पुट्टी भर, वरून रंग मार, कोण बघतंय? तो तयारही झाला होता. तेव्हा घरात कधी आवाज न चढवणारी पुष्पाबाई एकदम बोलली होती, "गंजावर रंग? तुना भाऊ ऱ्हाता ते तुनं टाळकं फोडता!"

भाऊ म्हणजे उखा, तिचा नवरा. उधन्याच्या गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकायचा, रंगवायचा. कधी काम घरी आणायचा. अंगणात तो पत्रा ठोकायचा आणि ती शेजारी बसून पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर घासायची. तो काविळीत गेला, तेव्हापासून तिच्या हाताला साड्यांचे धागे कापण्याखेरीज काम नव्हतं. आणि तिचं मत विचारायला कुणाला कारणही नव्हतं.

आज मात्र सारी गल्ली विचारत होती. "वहिनी, आते काय?" "वहिनी, हाई बस का?"

ती नुसती धावत होती. कुणाच्या हातात तारेचा ब्रश दिला, कुणाच्या हातात पेपर. गजेंद्रच्या बायकोला, जयश्रीला, रॉकेलचं फडकं दिलं. "गोल गोल नको, एका अंगानं घास! कडेला बोट घाल. गंज कडेलाच दडी मारस!"

शेजारचा लोटू ओट्यावरून खिदळला, "गजूभो, गाडी शे का भाकरीना तवा?"

"तवा ऱ्हाता ते तुलेच दिधा ऱ्हाता," जयश्रीनं ठेवून दिली. "घरमा उपाशीच ऱ्हास ना तू!"

हसण्याचा नुसता गलका उठला. लोटू ओशाळून उतरला आणि तोही पेपर घेऊन चाकाशी बसला.

दुपार कलली तसा तपकिरी पापुद्रा निघून खालचं लोखंड दिसू लागलं. आधी नाण्याएवढं, मग ताटाएवढं, मग अख्खं बॉनेट आणि मागची डिकी नव्या पातेल्यासारखी लखलखली. पुष्पाबाईच्या केसांत, भुवयांवर लाल भुकटी बसली होती. तिला त्याची शुद्ध नव्हती.

"आते लगेच लाल प्रायमर!" ती म्हणाली. "उघडा पत्रा रातभर ठेवाना नही. आणि हात नका लावू कोणी. घाम लागना तरी गंज धरस."

तेवढ्यात चुलत सासू मंगलाबाई कालवलेल्या हळदीचं ताट घेऊन आल्या. "रंग मांगून. पहिले पूजा. लक्ष्मी दारमा उनी शे."

"काकी, हयद ओली शे. पत्रा गंजी जाई."

"शुभ टाइमले असं बोलू नही, बाई." मंगलाबाईंचा आवाज रागाचा नव्हता, नेहमीचाच होता. "तू जरा मांगे ऱ्हाय."

गजेंद्रनं वहिनीकडे पाहिलं. मग तो नारळाची शेंडी सोलू लागला.

पुष्पाबाई गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. पुढं सवाष्णींनी हळदीत हात बुडवून बॉनेटवर पंजे उमटवले. नारळ फुटला. दिवसभर न जाणवलेले पाय आता एकदम भरून आले, तिनं डिकीवर हात टेकून आधार घेतला. पूजा, प्रसाद होईतो अंधारलं. रंग सकाळवर गेला. रात्री दव पडलं.

सकाळी जयश्रीची किंकाळी ऐकून गल्ली जमली. "अय माय! वहिनी, दखा!"

बॉनेटवर पंजेच पंजे. हळद दवानं ओघळली होती आणि तिच्या जागी गंज चढला होता. बोटं, पेरं, सगळं नीट दिसत होतं. मंगलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"काकी, तुम्हना हात ते आरटीओवाला बी वयखी लेई," लोटू म्हणाला, आणि हसू फुटलं. पुष्पाबाईही हसली. पेपर फाडून तिनं एकेकीच्या हातात तुकडा दिला. "ज्याना हात तेनी घासा. चला, ऊन चढाना आत रंग मारनं शे!"

"मांगे बी एक शे," गजेंद्र डिकीपाशी म्हणाला. "हाऊ कोन्हा हात? आठे ते कोणी पूजा..."

तो थांबला. हळदीचा मागमूस नसलेला, नुसत्या घामाचा पंजा होता तो. सगळ्यांत ठसठशीत. कुणी पुष्पाबाईकडे बघेना.

मंगलाबाई सावकाश मागं आल्या. पंजाकडे बघत राहिल्या. "ऱ्हाऊ दे तो," त्या म्हणाल्या. "वरून रंग मार, गजेंद्र."

"हां वहिनी. ऱ्हाऊ द्या," गजेंद्रही म्हणाला.

"गंज कोन्हा बी ऱ्हावो," पुष्पाबाई म्हणाली, "रंगना खाले ऱ्हायना ते पत्रा खाई टाकस."

तिनं पेपर भिजवला आणि बसली. करंगळी आधी गेली. मग एकेक बोट. तळव्याला वेळ लागला. खालून लखलखीत लोखंड वर आलं, तेव्हा पदर हाताला गुंडाळून, बोट लागू न देता, तिनं ते कोरडं पुसलं.

"रंगना डबा उघाड," ती म्हणाली.