चिनी काढ्याचा तास

चार वाजता साधना वानखडे पुस्तक उघडायची आणि सव्वाचारला तिचं कपाळ पुस्तकावर टेकलेलं असायचं. हे महिनाभर रोज चाललं होतं. परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती, पुस्तकं तीन होती आणि साधना पहिल्याच्या सतराव्या पानावर होती.

बार्शीटाकळीजवळच्या गावात ती एकवीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. पर्यवेक्षिका आली की उभं राहायचं, रजिस्टर पुढे धरायचं, चुका ऐकून घ्यायच्या. आता त्याच पदाची परीक्षा अमरावतीला होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची खेप. मला ती खुर्ची पाहिजे, असं ती कुणालाही तोंडावर सांगायची. पण पहाटे पाचला सुरू झालेलं अंग दुपारी चारला संप पुकारायचं, त्याला ती तरी काय करणार?

बहिणीची मुलगी दीक्षा चीनमधून डॉक्टर होऊन आली होती आणि अकोल्याच्या एका दवाखान्यात शिकाऊ म्हणून होती. एका रविवारी ती आली, मावशीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिला आधी रक्त तपासायला नेलं. रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्या गोळ्या साधना गावभर वाटत होती, त्याच.

"गोळ्या चुकवायच्या नाही," दीक्षा म्हणाली. मग पिशवीतून पंधरा पुड्या काढल्या. "आणि हे तिकडचं, माह्या हॉस्टेलसमोरच्या औषधवाल्या आजीचं. परीक्षेच्या टायमाले थे मले प्यायले लावे. गॅरंटी देत नाही मी. पण मले फरक पडला होता."

पुडीत पिवळट मुळ्यांच्या चकत्या होत्या, ज्येष्ठमध होतं, सुरकुतलेली लाल बोरं होती. रोज एक पुडी. अर्धा तास भिजवायची, मग तासभर मंद आचेवर उकळायची, तिथून हलायचं नाही. अर्धा पेला उरला की गरम गरम प्यायचा.

साधनाने दुसऱ्याच दिवशी चारला स्टीलचा छोटा गंज गॅसवर चढवला. वास ओसरीपर्यंत गेला आणि वासामागे माणसं आली. या घराची रीतच तशी होती. सासू पार्बताबाई म्हणायच्या, गॅसवर चढलं थे साऱ्यायचं. दारात माणूस असताना एकटीने पेला तोंडाला लावणं त्या घरात कधी घडलं नव्हतं. साधनाने शेजारच्या तानुबाईला ओतून दिलं, सासूला दिलं, नवरा गजेंद्र आला त्यालाही दिलं. रंग चहासारखा म्हणून पार्बताबाईंनी दूध-साखर घातली. चौथ्या दिवसापासून माणसं वाढली म्हणून रोज दोन पुड्या एकदम पडायला लागल्या. तानुबाईचे गुडघे म्हणे हलके झाले. गजेंद्रला भूक लागायला लागली. साधना मात्र उरलंसुरलं पिऊन सगळ्यांचे कप विसळायची आणि पुस्तकावर झोपायची.

पुढच्या रविवारी दीक्षाने पुड्या मोजल्या. सहा उरल्या होत्या.

"मावशी, याच्यातलं तू किती पेली?"

साधनाने आठवून पाहिलं. एक दिवस घोटभर, एक दिवस तेवढंही नाही. तिला स्वतःचाच संताप आला. गावातल्या गरोदर बायांना ती समोर उभं करून गोळी गिळायला लावायची, घरच्यांसाठी ठेवते म्हणणारीला झापायची. आणि इथे ती स्वतः?

सोमवारी चारला तिने गंज चढवला, पुस्तक घेतलं आणि स्वयंपाकघराची कडी आतून लावली. काढ्यापासून हलायचं नव्हतंच. झोप आली की डोळ्यांवर पाणी मारायची आणि उभ्याने वाचायची, ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालत, मोठ्याने.

कडी वाजली. तानुबाई होती.

"आज नाही, तानुबाई. हे माह्यं औषध हाय."

एवढं बोलून साधना परत वाचायला लागली, कडी तिने काढली नाही. पार्बताबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, भिंतीशी बोलल्या. "सून म्हणे दार लावून पेते. असं कधी पाह्यलं नव्हतं बाप्पा." गजेंद्रने चारचा चहा बसस्टँडवर प्यायला सुरुवात केली. हा त्याचा पाठिंबा की राग, हे शोधत बसायला साधनाकडे वेळ नव्हता.

त्या सहा दिवसांत ती पुस्तकावर एकदाही झोपली नाही. पहिलं पुस्तक संपलं. हे मुळ्यांनी झालं, गोळ्यांनी झालं की कडीने, असं तिने दीक्षाला फोनवर विचारलं. सांगता येत नाही, असं दीक्षाने खरं खरं सांगितलं.

सातव्या दिवशी पुडी नव्हती. परीक्षेला चार आठवडे होते. औषध संपलं हे कळलं की दार उघडं राहणार, हे साधनाला पक्कं माहीत होतं. खोटं तिला जमायचं नाही, तरी तिने गंजात नुसतं पाणी घातलं, झाकण ठेवलं, गॅस पेटवला आणि कडी लावली.

असं आठ दिवस निभलं. नवव्या दिवशी पार्बताबाईंनी दार ठोठावलं. "पाणी तं घेऊ देशीन?" पाण्याला नाही कसं म्हणायचं? साधनाने कडी काढली. म्हातारी माठाकडे न जाता थेट गॅसजवळ गेली आणि तिने झाकण उचललं.

वाफ निघून गेल्यावर गंजाचा तळ स्वच्छ दिसत होता. पार्बताबाईंनी त्या पाण्याकडे पाहिलं, मग सुनेच्या हातातल्या पुस्तकाकडे. साधनाला वाटलं, गेला आपला तास.

पार्बताबाईंनी झाकण परत ठेवलं.

"आच कमी कर," त्या म्हणाल्या. "आटून जाईन."

लोटाभर पाणी घेऊन त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. साधना पुस्तक छातीशी धरून तशीच उभी राहिली. ओसरीवरून तानुबाईचा आवाज आला. "संपला नाही का वं थो काढा अजून?"

"नाही," पार्बताबाई म्हणाल्या. "चीनचं औषध हाय थे. परीक्षेपर्यंत चालते. तू बस इथं माह्यापाशी, आत नोको जाऊ."