एका अक्षराची लांबी

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. शर्यतीचा वेळ मोजायचे, तळहातात मावणारे, किल्लीचे गोल घड्याळ. किती वाजले हे मला कधीच कळत नाही. बटण दाबले की चालायचे, पुन्हा दाबले की थांबायचे, एवढेच मला येते. माझा मोठा काटा सेकंद मोजतो आणि लहान काटा मिनिटे, तीही तीसच. तीस झाली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. त्यामुळे कोणतीही गोष्ट मला पुरती दिसत नाही. म्हणूनच बहुधा मी इतके चौकस झाले.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे डोळ्याला भिंग लावलेल्या बायका केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा बसवत. त्यांतल्या एकीने मला कानाशी धरले आणि शेजारणीला म्हणाली, "हे नीट बोलतंय बघ." पुढे एका शाळेने मला विकत घेतले आणि मी क्रीडाशिक्षकांच्या गळ्यात आले.

मुले त्यांना भोंगासर म्हणत. मैदानाच्या एका टोकाला उभे राहून ते "पळा" म्हणाले की पलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवालेही घाईघाईने पायडल मारू लागत. स्वतः सर मात्र कधी धावले नाहीत. कुणी विचारलेच तर म्हणत, "मी पळवतो. पळायला तुम्ही आहात ना?" मी त्यांच्या अंगठ्याखाली हजारो शर्यती मोजल्या. दहा वर्षांची मुले शेवटच्या रेषेवर यायची आणि माझ्याकडे आशेने बघायची. एवढासा पाव सेकंद कमी झाला तर कुणी हवेत उडी का मारते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

मग आकडे दाखवणारी नवी घड्याळे आली आणि मी सरांच्या घरच्या खणात गेले. सोबतीला मोजपट्टी, खडूचा डबा आणि चेंडूत हवा भरायची सुई. किती दिवस गेले ते मला कसे कळणार? मी बंद होते.

एकदा खण उघडला. हात सरांचाच होता, पण वाळलेला. त्यांनी मला किल्ली दिली, कानाशी धरले, पण तोंडातून शब्द काढला नाही. भोंगासर गप्प? मला राहवेना. हळूहळू, त्यांच्या मुलीच्या बोलण्यातून, सारे कळले.

सरांचा आवाज बसला होता. मैदानावर ओरडून बसला असेल, म्हणून त्यांनी गुळण्या केल्या, गोळ्या चघळल्या आणि सात महिने काढले. शेवटी मुलगीच त्यांना ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली. स्वरयंत्रात कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणांचे उपचार झाले. रोग गेला, पण जाताना आवाजाचा मोठा तुकडा घेऊन गेला. उरली ती खरखर. तिची सरांना इतकी लाज वाटे की ते पाहुणे आले तरी वहीत लिहूनच बोलत.

आता त्यांना आवाजाचे व्यायाम शिकायचे होते आणि त्यासाठी सेकंद मोजणारे घड्याळ हवे होते.

हॉस्पिटलच्या व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. पूर्वी तिथे चादरी ठेवत. आत एक टेबल, एक आरसा आणि आवाजाच्या बाई. म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञ, पण सगळे त्यांना तसेच म्हणत.

"पोटातून श्वास घ्या आणि 'आ' म्हणा, सर. जमेल तितका लांब."

बाईंनी माझे बटण दाबले. सरांनी तोंड उघडले. वाळूवर पत्रा घासावा तसा आवाज आला आणि तुटला. अडीच सेकंद. मी शंभर मीटर मोजले होते, हजार मोजले होते, पण एका अक्षराची लांबी कधी मोजली नव्हती.

सरांनी वहीत लिहिले, 'नापास.'

"ही काही शर्यत नाही," बाई म्हणाल्या.

'मग घड्याळ कशाला?'

बाई हसल्या. "तुम्हाला घड्याळाशिवाय करमणार नाही म्हणून. श्वास कमी पडतोय तुमचा. डॉक्टरांना विचारून चालायला लागा."

सर चालू लागले. आधी व्हरांडा, मग गल्ली, मग बागेभोवती फेरी. हळूहळू ते चक्क धावू लागले. 'आ' पाच सेकंदांवर आला, मग सातवर.

बाई आठवड्यातून एकच दिवस येत. त्याहून जास्त दिवसांचा पगार हॉस्पिटलला परवडत नव्हता. बाहेरच्या बाकावर बाजारात लिलाव पुकारणारे एक काका सरांच्या शेजारी बसत. त्यांचाही आवाज असाच गेला होता आणि आवाजावरच त्यांचे पोट होते. एका दिवशी त्यांचा नंबर येईपर्यंत वेळ संपली. "पुढच्या आठवड्यात या," असे सांगितल्यावर ते मान हलवून निघून गेले. सर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मुलीसमोर वही सरकवली. दहा किलोमीटरची शर्यत धावायची, जुन्या विद्यार्थ्यांकडे मदत मागायची आणि बाईंचे दिवस वाढवायचे.

मुलीने दोनदा वाचले. "बाबा, तुम्ही कधी बस पकडायलासुद्धा धावला नाहीत."

सरांनी खाली लिहिले, 'म्हणून पाय नवे आहेत.'

विद्यार्थ्यांनी आनंदाने होकार दिला. सर शर्यत पुरी करणार, एवढीच अट. शर्यतीच्या दिवशी मुलगी मला गळ्यात घालून सायकलवरून सरांच्या बाजूने निघाली. सहा किलोमीटर ठीक गेले. सातव्याला चढ लागला आणि सर खोकत खाली बसले. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. मुलीने सायकल टाकली, पाठ चोळली, पाणी दिले.

"बस झालं, बाबा. लोक समजून घेतील."

तिचा अंगठा माझ्या बटणावर आला. तिने दाबले असते तर मी थांबले असते. माझे काही चालत नाही.

"चालू... ठेव," सर म्हणाले.

वहीत लिहून नव्हे, तोंडाने. रस्त्याकडेला पाणी वाटणारी माणसे वळून बघत होती, तरी म्हणाले. मुलीने अंगठा काढला. श्वास ताळ्यावर आल्यावर सर उठले. थोडे चालले, थोडे धावले, पुन्हा चालले.

ते पोचले तेव्हा शर्यतीची वेळ टळून गेली होती. कामगार शेवटच्या रेषेवरची कमान सोडवत होते. कापड निम्मे गुंडाळून झाले होते. पण कमानीचा एक खांब लिलाववाल्या काकांनी धरून ठेवला होता.

"काका, संपली शर्यत," कामगार म्हणत होता.

"नाही संपली," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एक माणूस यायचाय."

कामगाराने रस्त्याकडे पाहिले. मग दुसरा खांब धरला. दोघांच्या मधून सर आले आणि मुलीने बटण दाबले. माझ्या लहान काट्याच्या तीन पुऱ्या फेऱ्या आणि वर अकरा मिनिटे. मी वाट पाहत राहिले, पण सरांनी माझ्याकडे बघितलेच नाही. असे पहिल्यांदाच झाले. ते काकांचा हात धरून उभे होते आणि दोघेही एकदम बोलत होते, खरखर आणि घोगरा. एकालाही दुसऱ्याचे कळत नसावे.

त्यानंतर सर आणखी चार शर्यती धावले. आता बाई आठवड्यातून तीन दिवस येतात. मी त्यांच्या खोलीत आरशाशेजारी खिळ्याला असते. माझ्या काचेला तडा आहे, पण रोज कुणीतरी मला आठवणीने किल्ली देते. खणातल्या दिवसांपेक्षा हे कितीतरी बरे.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, तर गुळण्यांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा ते साधेच निघते, पण दाखवल्याशिवाय कळत नाही. सरांनी वाट पाहिलेले ते सात महिने कुणीच मोजले नाहीत. आणि हळू बोलणारा माणूस भेटला तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. त्याला किती वेळ लागतो, ते मी पाहिले आहे. फार लागत नाही.

बाकावरच्या एक नव्या आजी आत आल्या आहेत. बाई त्यांना श्वास घ्यायला सांगत आहेत. आजींचा 'आ' किती लांब असेल, ते मला अजून ठाऊक नाही. बाईंचा अंगठा बटणावर आला आहे.