दोषांची पेटी

माझा थोरला भाऊ तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन स्वतःला ओळखून आला. पन्नास वर्षं त्याच अंगात राहून जे जमलं नव्हतं, ते बहात्तर तासांत, चहापाण्यासकट उरकलं. घरात शिरला तोही गळ्यातलं ओळखपत्र न काढता.

"जो गेला होता तो मी राहिलो नाही," दादा दारातूनच म्हणाला.

"बरं," वहिनी म्हणाली, "मग जो गेला होता तो नळ दुरुस्त न करताच गेलाय. तेवढं तुम्ही करा."

आमची गाडी शिकवायची शाळा आहे. दोन गाड्या, एक ऑफिस, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. एक गाडी दादाची, एक माझी. दादा शिकवतो म्हणजे ओरडतो. "क्लच! क्लच म्हणतोय मी!" हे दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातं. मी कधीच ओरडत नाही. शांत बसते. त्यामुळे आमच्या दोघांत समजूतदार कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

शिबिराहून आल्यावर दादानं ऑफिसात एक पत्र्याची पेटी ठेवली. वर चिकटवलं, 'आमचे दोष आम्हाला सांगा. नाव लिहू नका.' आठवडाभरानं सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. चिठ्ठ्या निघाल्या तीन. पहिलीत होतं, 'सर, तुम्ही इतरांसाठी फार झिजता.' दुसरीत, 'सर, तुम्ही स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देत नाही.' दोन्ही हिरव्या शाईत. ऑफिसात हिरव्या शाईचं पेन एकट्या दादाच्या खिशाला असतं. तरी त्यानं दोन्ही चिठ्ठ्या गंभीर चेहऱ्यानं वाचल्या आणि "मान्य आहे" असं म्हणून मान खाली घातली.

तिसरी निळ्या शाईत होती. 'तुमच्या शेजारी बसलं की येत असलेलंही विसरायला होतं. घरी जाऊन वाटतं, आपण मूर्ख आहोत.'

दादाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. माझं म्हणाल तर मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कुणीतरी एकदाचं ऐकवलं होतं!

खरंच बदललेला माणूस ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी आवाज खाली आणतो. आमच्या बदललेल्या माणसानं भिंग आणलं. 'आत्मपरीक्षणाचा सराव' म्हणून प्रत्येक शिकाऊला पाच वेळा एकच वाक्य लिहायला लावलं, 'माझ्या आयुष्याचा चालक मीच आहे.' लोक बिचारे लिहून गेले. गणिताच्या निवृत्त मास्तरांनी तर खाली रेघही मारली. मग दादा दुपारभर टेबलावर ओणवा होऊन 'ल'ची वळणं ताडून बघत बसला.

"नर्सबाई," संध्याकाळी तो म्हणाला. "ल तिचाच."

नर्सबाई म्हणजे इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात काम करणारी, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. पहिला महिना ती माझ्याकडे होती. मग वेळ जमत नाही म्हणून दादाच्या गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना घेऊन चौकात सिग्नलला उभी होते. पुढे दादाची गाडी. काचा उघड्या. दादाचा आवाज आला, "मी रागावलो नाहीये! मला फक्त जाणून घ्यायचंय, का लिहिलंत!" सिग्नल हिरवा झाला. नर्सबाईंनी हँडब्रेक ओढला, पट्टा सोडला, दार उघडलं आणि पर्स घेऊन सरळ फुटपाथवर चढल्या. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. दादाला शेजारच्या सीटवरून स्टिअरिंगमागे सरकायला गिअरचा दांडा ओलांडावा लागला, आणि त्यात त्याची पँट अडकली. स्वतःला ओळखलेला माणूस अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मी पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

दोन दिवसांनी नर्सबाई कागदपत्रं न्यायला आल्या. दादा बाहेर होता. मी खुर्ची पुढे केली.

"चांगली जिरवलीत त्याची," मी म्हटलं. "ती चिठ्ठी तुम्हीच लिहिली होती ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "पण सरांसाठी नाही. तुमच्यासाठी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सर ओरडतात, पण काय चुकलं ते कळतं. क्लच म्हणजे क्लच. तुम्ही काहीच सांगत नाही. गाडी बंद पडली की खिडकीबाहेर बघता आणि नाकातून हसता. वेळेचं मी खोटंच सांगितलं होतं. मी वॉर्डात तान्ह्या बाळाची शीर शोधते हो, हात कापत नाही माझा. तुमच्या गाडीत कापायचा." त्यांनी कागद पर्समध्ये घातले. "मी समोर सांगायला हवं होतं. तेवढी माझी चूक."

त्या गेल्यावर पहिला विचार आला तो असा: बाई हळवी आहे. दुसरा: खोटं बोलतेय. मग घरी जाऊन मी वहिनीला विचारलं, "मी नाकातून हसते का गं?"

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "लग्न करून आले तेव्हापासून ऐकतेय," ती वर न बघता म्हणाली. "मला वाटायचं, मलाच नीट काही येत नाही."

बावीस वर्षं! त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे खरं. पण त्यातही अर्धी बोच ही होती, की आता दादाला सांगावं लागणार. न सांगता चाललं असतं. तो आठवडाभर तोंड पाडून फिरत होता आणि मला ते बघायला आवडत होतं. सकाळी मी एकदाचं सांगून टाकलं.

दादा खुर्चीत ताठ झाला. "मला वाटलंच होतं!" मग कणव आली त्याला. "तू पण शिबिराला जा. पहिल्या दिवशी रडशील, तिसऱ्या दिवशी मोकळी होशील." दुपारपर्यंत आमच्या सगळ्या शिकाऊंना बातमी कळली होती. पेटी मात्र त्यानं काढून टाकली. तिचं काम झालं म्हणाला. ओरडणं जसंच्या तसं चालू आहे.

मास्तरांची गाडी चढावर बंद पडते ती पडतेच. आता मी बोलते: "क्लच अर्धा सोडा, थरथर जाणवली की ब्रेक सोडा." सोपं नाहीये. तोंडाच्या जागी नाकच आधी पुढे येतं. गेल्या आठवड्यात दोनदा आलं. मास्तरांना सॉरी म्हणाले, तर ते म्हणाले, "चालू द्या, मीही वर्गात तेच करत होतो."

नर्सबाईंना फोन करायला मला पंधरा दिवस लागले. मी माफी मागितली, चांगली तीन-चार वाक्यांत, आधी मनात घोकून. त्या "बरं" म्हणाल्या. लायसन्स मिळालं, दुसरीकडे शिकले, असंही सांगितलं. मग त्यांच्या मागे कुठलंसं बाळ रडायला लागलं आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसून राहिले. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते, की त्या म्हणतील, केवढं मोठं मन तुमचं.