मी उन्हातच वाळणार

मी समीज बोलतेय. बिनबाह्यांची, पांढऱ्या सुती कापडाची, खांद्यांवर दोन बारीक पट्ट्या. ऐकून कसंसंच झालं ना? होऊ दे. मी काही चोरीचा माल नाही!

सुपेल्याच्या बाजारात कांताबाईंनी मला लेकीसाठी, प्रेरणासाठी घेतलं. दुकानदारानं मला कागदात गुंडाळलं, वर काळ्या पिशवीत कोंबलं. शेजारच्या गिऱ्हाइकाला बनियन मात्र तसंच उघडं हातात दिलं. तिथेच माझं डोकं फिरलं.

प्रेरणा नर्सिंग शिकते. तिचा पांढरा ड्रेस पातळ, म्हणून आत मी. तिचा घाम मीच टिपते, ड्रेसची शिवण तिला टोचू देत नाही. पण पट्टी बोटभर बाहेर सरकली की कांताबाई डोळे वटारतात.

कोहक्यातल्या त्यांच्या अंगणात तारेवर देवाजींचा, म्हणजे तिच्या बाबांचा, पोलादाच्या प्लांटमधला कामाचा ड्रेस ऐटीत वाळायचा. भोकं पडलेलं बनियनसुद्धा! मी मात्र मागे न्हाणीच्या भिंतीशी, वरून जाड टॉवेल पांघरून. पुरती कधी वाळलेच नाही. सकाळी दमटच तिच्या अंगावर चढायचे.

पावसाळ्यात प्रेरणाच्या पाठीवर, काखेत लाल चट्टे उठले. खाजवून रक्त यायचं. वॉर्डात उभं राहवेना. मॅडमनी बजावलं, इतक्या सुट्ट्या झाल्या तर परीक्षेला बसता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आतले कपडे उन्हात वाळवतेस ना?" "टॉवेलखाली," पोरगी पुटपुटली. असा संताप आला मला!

रविवारी ऊन पडलं. प्रेरणानं बाबांचं बनियन बाजूला सारलं आणि मला तारेच्या मधोमध चिमटे लावून टांगलं.

"अवो, काय करून राहिली पोरी! जानरावभाऊ येऊन राहिले ना!" कांताबाई ओरडल्या.

"येऊ दे ना, आई. बाबाचं बनियन चालते, मग माही समीज कावून नाही?"

तेवढ्यात फाटक वाजलं. जानराव, देवाजींचे प्लांटमधले सोबती. कांताबाई टॉवेल घेऊन धावल्या. माझ्यावर टाकणार, तोच प्रेरणाचा हात पाठीवर खाजवायला गेला आणि बोटांना रक्त लागलं. कांताबाई तिथेच थबकल्या.

"वहिनी, हे सामोरचं जरा..." जानरावांनी घसा खाकरला.

"माह्या पोरीच्या अंगाले लागते ते, भाऊ. ऊन लागू द्या त्याले. तुमी बसा, चहा ठेवतो."

चहा ठेवायच्या आधी त्या मागे गेल्या, टॉवेलखालची स्वतःची दमट बॉडीस काढून आणली आणि माझ्या शेजारी पसरली. जानराव समोरच बसलेले. पण पसरली!

चट्टे गेले. प्रेरणा परीक्षेला बसली. आता माझ्या पट्ट्या सैल झाल्यात, कापड विरलंय. उद्या माझं फडकं कराल, खुशाल करा. पण तुमच्याही घरात टॉवेलखाली कुणीतरी दमट पडलेलं असेल. बघता काय? उचला तो टॉवेल!