भिंगरीच्या मेंदूला जागा

तीन वर्षांची भिंगरी सकाळी जिन्यावरून पडली आणि बारा वाजता ऑपरेशनच्या टेबलावर होती. डोक्यात डावीकडे रक्त साकळलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंची वीस वर्षं याच कामात गेली होती, तरी लहान मूल समोर आलं की बारीकसारीक सगळं त्या स्वतःच्या हाताने करायच्या.

सर्जनने हाड उचललं, मेंदूवरचं आवरण कापलं, गुठळी काढली आणि त्याचा हात थांबला.

"बाई, मेंदू फुगतोय. काठाच्या वर आलाय."

सूज उतरावी म्हणून बाईंनी टेबलाचा डोक्याकडचा भाग उचलून घेतला. दाट मिठाचं सलाईन सोडलं, यंत्राचे श्वास थोडे वाढवले, वायूची भूल बंद करून शिरेतून सुरू केली. पडद्यावरचे सगळे आकडे शहाण्यासारखे वागत होते.

"उतरला?"

"कुठला! अजून चढतोय. असाच राहिला तर पोर हातची जाईल."

बाई चादरीखाली वाकल्या. भिंगरीची मान नको तितकी पिळली गेली होती, आणि श्वासाची नळी जागेवर ठेवणारी फीत गळ्यात रुतली होती. रक्त वर जात होतं, उतरायची वाट बंद. फीत त्यांनीच बांधली होती.

त्यांनी नळी चिमटीत धरली, फीत कापली, मान सरळ केली.

"माझीच चूक. घट्ट बांधली होती," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"ते नंतर बघू," सर्जन म्हणाला. मग जरा वेळाने, "बसतोय खाली. पण पुरता नाही. हाड आज परत ठेवत नाही, मेंदूला जागा लागेल."

बाहेर भिंगरीचे वडील आणि आत्या उभे होते. बाईंनी सगळं सांगितलं, फितीसकट. वडील भिंतीला टेकले.

"हे आम्हाला कशाला सांगता?" आत्या कडाडली. "सांगितलं नसतं तर कळलं असतं का?"

"नसतं कळलं. पण मूल तुमचं आहे."

आत्याने तोंड फिरवलं.

पाचव्या दिवशी भिंगरीने डोळे उघडले. उजवा हात महिनाभर लुळाच होता, मग हळूहळू हलायला लागला. तीन महिन्यांनी हाड परत बसवायला तिला आणलं, तेव्हा तिची टकळी थांबत नव्हती.

"हात अजून आळशी आहे हिचा," आत्या म्हणाली, "जीभ मात्र दोघांचं काम करते." मग आवाज उतरवून तिने बाईंना विचारलं, "झोपवायला तुम्हीच आहात ना?"

"दुसरे डॉक्टरही आहेत. हवे असतील तर..."

"नको. तुम्हीच."