खोक्याच्या मापाची झडप

मी एक जुनी झडप आहे, मित्रांनो. परसातल्या भिंतीला टेकवून ठेवलेली, वरची पट्टी तुटलेली. माणसांना माझं बोलणं ऐकू जात नाही. तुम्हाला जात असेल तर लवकर ऐका, कारण समोरच बाबा पुन्हा खोकं कापायला बसले आहेत.

घरातल्या ढब्बू नावाच्या कुत्र्याला आपलं आपण आत-बाहेर करता यावं, म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दारात मला बसवायचं ठरलं. पण ढब्बू मापाच्या टेपला भ्यायचा. एकदा ती सर्रकन मिटताना त्याच्या शेपटीला लागली होती. तेव्हापासून टेप दिसली की स्वारी पलंगाखाली! मग बाबांनी शक्कल लढवली. पुठ्ठ्याच्या खोक्याला आरपार चौकोनी भोक पाडलं, पलीकडे बिस्कीट धरलं आणि ढब्बू अंग चोरून पार झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झकास! हेच माप धरतो," सुतारकाका म्हणाले आणि खोकं दाराला लावून त्यांनी पेन्सिल फिरवली.

ढब्बू पार होताना खोक्याच्या बाजू फुगल्या होत्या, हे कोणी पाहिलंच नाही. सगळ्यांचं लक्ष बिस्किटाकडे. पुठ्ठा बिचारा वाकला. मी चौकटीसकट कडक लाकडाची, मला वाकता येत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की बाबा मला पायाने ढकलून दाखवायचे. ढब्बूच्या बरगड्या मात्र माझ्या कडांना घासायच्या, त्याचे केस चौकटीत अडकून राहायचे. पुढे पुढे तो माझ्यासमोर नुसताच बसून कुईकुई करू लागला. "नखरे बघा याचे! लाडावलाय नुसता," असं म्हणून आई त्याला मागून ढकलायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुखवत होते मी आणि बोलणी खात होता तो.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. गॅसवर पातेलं तसंच राहिलं होतं. आधी करपल्याचा वास आला, मग बाजूच्या फडक्याने पेट घेतला आणि खोली धुराने भरली. ढब्बू धावत माझ्याकडे आला. डोकं बाहेर, पुढचे पाय बाहेर, आणि छाती अडकली. तो किंचाळत होता, ओढत होता, आणि मी त्याला आवळून धरलं होतं! देवा, मला मोड, मला जाळ, पण याला सोडव, असा मी धावा करत होते.

त्याचं ओरडणं ऐकून शेजारच्या मावशी कुंपणावरून आल्या. "श्वास सोड रे बाळा, श्वास सोड!" म्हणत त्यांनी त्याला ओढलं. तो हलेना. मग त्यांनी हातोडा आणला. मित्रांनो, प्रत्येक घावाला मी म्हणत होते, अजून जोरात, मावशी, अजून जोरात! माझी वरची पट्टी तुटली आणि ढब्बू बाहेर पडला. शेजाऱ्यांनी आग विझवली. दार मात्र जळून गेलं; हातोड्याच्या घावांनी मी दारातून सुटून बाहेर पडले होते, म्हणून वाचले.

"भोक लहान होतं हो," मावशी सांगत राहिल्या.

"छे हो! मी स्वतः त्याला खोक्यातून काढून पाहिलंय. माप बरोबरच होतं, हाच सुटलाय," बाबा म्हणाले. तेव्हापासून ढब्बूचं खाणं अर्ध्यावर आलं.

आज नवं दार आलं आहे. मित्रांनो, कुत्र्यासाठी झडप करायची असेल तर बिस्कीट बाजूला ठेवा. त्याला गोंजारत उभं करा, साध्या दोरीने त्याच्या छातीची रुंदी आणि पाठीची उंची घ्या, आणि त्याहून चांगली चार बोटं जास्त जागा सोडा. त्याची भीती जाईपर्यंत थांबावं लागलं तर थांबा.

पण इथे कोण थांबतंय? आईने खोक्याच्या पलीकडे बिस्कीट धरलं आहे. ढब्बू मला पाहून क्षणभर थबकला, पण पोटात भूक आहे. तो शिरला. बाजू फुगताहेत! अहो, बाजूंकडे बघा! कोणीतरी ओरडा हो, माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. टाळ्या वाजल्या. सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली आहे.